गावाकडचं पोतं थांबल्यावर

पंचवीस-तिशीतला माणूस सेंद्रिय तांदळाच्या पिशवीला दीडपट, कधी दुप्पट पैसे का मोजतो? घरभाडं, गाडीचा हप्ता, शिक्षणाच्या कर्जाची फेड यातून महिनाअखेरीस हातात फारसं उरत नाही. तरीही तो पिशवी उलटून मागचा मजकूर वाचतो, थोडा घुटमळतो आणि घेतो. कारण विचारलं तर एका शब्दात सांगतो: आरोग्य. पुण्यात विचारा, नागपुरात विचारा, ठाण्यात विचारा, पहिलं उत्तर हेच येतं. ते खरंही असतं, पण पुरेसं नसतं. हाच मुलगा रात्री अकराला ॲपवरून तळलेलं चिकन मागवतो, हीच मुलगी दुपारी ऑफिसच्या कँटीनमध्ये मिळेल ते खाते. आरोग्य हा एकटाच हेतू असता, तर तो फक्त घरातल्या तांदळाच्या डब्यापुरता जागा झाला नसता.

त्या पहिल्या उत्तराच्या मागे काय आहे, हा या पुस्तकाचा विषय आहे. ही चौकशी मला महत्त्वाची वाटते, कारण तिच्यावर कुणाचं तरी पोट अवलंबून आहे. माणूस एखादी गोष्ट कशासाठी घेतो, यावर तो ती किती दिवस घेत राहील हे ठरतं. रासायनिक शेती सोडू पाहणाऱ्या शेतकऱ्याला नेमकं हेच जाणून घ्यायचं असतं. आजचं गिऱ्हाईक पुढच्या वर्षी असेल का? तिसऱ्या वर्षी? बाजाराचा अभ्यास करणारे लोक तरुण ग्राहकाचं वय, उत्पन्न आणि शिक्षण यांचे तक्ते मांडतात. त्या तक्त्यांत हा प्रश्न सहसा नसतो.

सुरुवात भीतीपासून करावी लागते, कारण बहुतेकांची सुरुवात तिथेच होते. आज पंचविशी-पस्तिशीत असलेली पिढी अन्नाविषयीच्या वाईट बातम्या ऐकतच मोठी झाली. २००३ साली दिल्लीच्या सेंटर फॉर सायन्स अँड एन्व्हायरन्मेंट या संस्थेने आधी बाटलीबंद पाण्यात आणि मग शीतपेयांत कीटकनाशकांचे अंश सापडल्याचं जाहीर केलं. २०१० च्या फेब्रुवारीत जनुकीय बदल केलेल्या बीटी वांग्याला स्थगिती मिळाली. त्याआधी देशभर जाहीर सुनावण्या झाल्या, त्यांतली एक नागपुरात. २०११ च्या मे महिन्यात सर्वोच्च न्यायालयाने एंडोसल्फान या कीटकनाशकावर बंदी घातली, तेव्हा केरळातल्या कासारगोडच्या काजूबागांभोवती राहणाऱ्या आजारी मुलांची छायाचित्रं वर्तमानपत्रांतून सगळ्यांपर्यंत पोहोचली. २०१२ च्या जूनमध्ये एका रविवारी सकाळी ‘सत्यमेव जयते’ या दूरचित्रवाणी कार्यक्रमाचा अख्खा भाग ताटातल्या विषावर झाला आणि तो घरातल्या सगळ्यांनी एकत्र बसून पाहिला. २०१५ मध्ये दोन मिनिटांच्या नूडल्स दुकानांतून उचलल्या गेल्या. २०२४ मध्ये हाँगकाँग आणि सिंगापूरने काही भारतीय मसाल्यांवर इथिलीन ऑक्साइडच्या कारणाने कारवाई केली, तोवर ही मुलं स्वतःच्या घरासाठी मसाला विकत घेऊ लागली होती.

अन्नाची धास्ती त्यांच्या आई-आज्यांनाही होती, पण ती भेसळीची होती. मिऱ्यांत पपईच्या बिया, तांदळात खडे, दुधात पाणी. तिच्याशी लढण्याची साधनं घरातच होती. सूप होतं, चाळण होती, दुपारी उजेडात निवडायला बसणाऱ्या दोघी-तिघी होत्या. कीटकनाशकाचा अंश सुपात पाखडता येत नाही. तो डोळ्यांना दिसत नाही, जिभेला कळत नाही, आणि तो किती आहे हे फक्त प्रयोगशाळेतलं यंत्र सांगतं. आजीला जे नजरेने आणि हाताने करता येत होतं, ते नातीला पिशवीवरची अक्षरं वाचून करावं लागतं. तरुण ग्राहक लेबलावर इतका विसंबतो आणि त्याच लेबलाविषयी इतका साशंकही असतो, त्याचं मूळ मला इथे दिसतं. घरातलं एक कौशल्य निरुपयोगी झालं आणि त्याच्या जागी दुसरं आलं नाही.

या भीतीला आधार किती, हे स्पष्ट सांगायला हवं. २०१२ साली स्टॅनफर्ड विद्यापीठातल्या संशोधकांनी दोनशेहून अधिक अभ्यास एकत्र तपासले. सेंद्रिय आणि इतर अन्नाच्या पोषणमूल्यांत त्यांना ठळक फरक दिसला नाही. सेंद्रिय मालात कीटकनाशकांचे अंश सापडण्याची शक्यता मात्र कमी दिसली. दोन वर्षांनी इंग्लंडातल्या न्यूकॅसल विद्यापीठाच्या पुढाकाराने ३४३ अभ्यासांचा आढावा प्रसिद्ध झाला. त्यात सेंद्रिय पिकांत अँटिऑक्सिडंट जास्त आणि कॅडमियम कमी आढळलं. पोषणाबद्दल दोन्ही आढाव्यांचं म्हणणं वेगळं पडतं, अंशांबद्दल जुळतं. म्हणजे फवारणीच्या विषाची काळजी म्हणून सेंद्रिय घेणाऱ्याच्या बाजूने चांगला पुरावा आहे. केस गळायचे थांबतील, थायरॉइड बरा होईल, वजन उतरेल या आशेने घेणाऱ्याच्या बाजूने तसा पुरावा नाही. मिशिगन विद्यापीठातल्या दोन संशोधकांनी २०१० साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात, बिस्किटं सेंद्रिय आहेत एवढं सांगितल्यावर लोकांनी त्यांत उष्मांक कमी असतील असं मानलं. सेंद्रिय साखर ही साखरच असते. समाजमाध्यमांवरून सेंद्रिय मालाला औषधाचे गुण चिकटवले जातात, त्याने या शेतीचं नुकसान होतं असं मला ठामपणे वाटतं. औषध म्हणून आणलेली वस्तू गुण आला नाही की बंद होते, आणि ते योग्यच आहे.

मात्र भीती हे फक्त दार आहे. आपल्याकडे, विशेषतः मराठी घरांत, त्या दाराच्या आत एक वेगळीच गोष्ट सापडते. ती म्हणजे गावाकडचं पोतं.

एक पिढी मागे जा. मुंबईतल्या गिरणगावात कोकणातून तांदूळ, कुळीथ, आमसुलं यायची. पुण्यात नोकरी करणाऱ्याकडे सोलापूर-नगर भागातून मालदांडी ज्वारी यायची, मराठवाड्यातून तूर, विदर्भातून डाळ आणि मिरची. एस.टी.च्या टपावर किंवा गावच्या कुणाच्या तरी टेम्पोतून पोतं यायचं. ज्यांना शेती नव्हती ते उन्हाळ्यात वर्षाचं धान्य भरायचे. ठरलेल्या माणसाकडून गहू घ्यायचा, गच्चीवर उन्हात घालायचा, एरंडेल चोळून किंवा कडुनिंबाचा पाला घालून पत्र्याच्या कोठीत भरायचा. दोन्हीकडे धान्याला माणूस चिकटलेला असायचा. हा गहू अमक्याच्या रानातला, यंदा पाऊस उशिरा झाला म्हणून दाणा बारीक आहे, इतकं सगळं खाणाऱ्याला माहीत असायचं.

ते पोतं सेंद्रिय होतं असं म्हणणं खोटं ठरेल. सत्तरच्या दशकापासून त्यात युरियावर वाढलेला संकरित दाणा सर्रास होता. पण शेतकऱ्यांच्या घरांतून मी आणखी एक गोष्ट पुन्हा पुन्हा ऐकली आहे. कपाशीच्या किंवा भाजीच्या रानात एखादा वाफा, दोन-चार तासं घरच्यापुरती वेगळी राखलेली असतात. तिथे फवारा जात नाही. “हे विकायचं नाही, हे घरी खायला” असं म्हणून आजी त्यातली भेंडी तोडून देते. सुट्टीत गावी गेलेल्या नातवाने हे वाक्य ऐकलेलं असतं. शहरात परत आल्यावर मंडईतली चकचकीत भेंडी पाहताना त्याला ते आठवतं, आणि पिकवणारा स्वतः काय खातो आणि बाजारात काय पाठवतो, हा फरक त्याच्या मनात कायमचा बसतो. कुठल्याही वृत्तवाहिनीपेक्षा हा पुरावा त्याला मोठा वाटतो, आणि तसा तो आहेही.

मग पोतं थांबलं. आजोबा गेले, जमिनीच्या वाटण्या झाल्या, चुलत्याने रान वाट्याने दिलं किंवा ऊस लावला. शहरातल्या वन बीएचकेमध्ये कोठी ठेवायला जागा उरली नाही. नवरा-बायको दोघं नोकरीला, ऊन दाखवायला गच्ची नाही, दळायला गिरणीत जायला वेळ नाही. किराणा किलो-दोन किलोच्या पाकिटांत येऊ लागला आणि पाकिटावर गावाचं नाव नव्हतं. आजचा तरुण मराठी ग्राहक सेंद्रिय दुकानात काय उचलतो ते पाहिलं, तर ही तुटलेली जागा दिसते. तो खपली गहू घेतो, मालदांडी घेतो, आजरा घनसाळ तांदूळ घेतो, मुळशीचा आंबेमोहर घेतो, लाकडी घाण्याचं शेंगदाणा तेल घेतो. या पिशव्यांवर गाव आहे, वाण आहे, कधी शेतकऱ्याचा फोटो आहे. इंदापूर तालुक्यातल्या भोडणी गावच्या सत्यजित आणि अजिंक्य हंगे या भावांनी बँकेतल्या नोकऱ्या सोडून उभी केलेली शेती शहरात इतकी ओळखीची झाली, त्यात खपली आणि तुपाच्या गुणांइतकाच भोडणी या गावाचाही वाटा आहे असं मला वाटतं. गिऱ्हाइकाला आपलं हरवलेलं गाव परत मिळत नाही, पण कुठलंतरी एक गाव मिळतं.

गुळाचं उदाहरण यात फार बोलकं आहे. गुळाच्या बाजारात पिवळ्याधमक, कडक ढेपेला भाव मिळत आला. रंग उजळ यावा म्हणून उकळत्या रसात हायड्रॉस, म्हणजे सोडियम हायड्रोसल्फाइट, टाकण्याची सवय गुऱ्हाळांना लागली. मळी काढायला भेंडीच्या झाडाचा चिकट रस वापरण्याची जुनी पद्धत मागे पडली. गेल्या काही वर्षांत तरुण गिऱ्हाइकाने रंगाची ही आवड उलटी केली. आता दुकानात काळसर, मऊ गूळ मागितला जातो. हा बदल कुठल्या सरकारी योजनेने झालेला नाही, मागणीने झाला आहे. पण काळा रंग म्हणजे शुद्धतेची खूण असं धरून चालणंही धोक्याचं, कारण रंग गडदही करता येतो. गुऱ्हाळावर जाऊन रस उकळताना पाहिलेला माणूस ढेपेच्या रंगावर भांडत नाही, तो रसात काय टाकलं ते विचारतो.

याखेरीज आणखी हेतू आहेत. त्यांतला सर्वांत जोरकस म्हणजे मूल. जोडप्यातल्या बायकोला दिवस गेले की स्वयंपाकघर बदलतं. बाळाला वरचं अन्न सुरू होतं तेव्हा नाचणीसत्त्व, मुगाची डाळ, भात, तूप या चार गोष्टी तरी सेंद्रिय हव्यात असा आग्रह सुरू होतो. पाश्चात्त्य देशांतल्या अभ्यासांतही मुलाचा जन्म हे सेंद्रिय खरेदीचं मोठं वळण म्हणून नोंदलेलं आहे. आपल्याकडे या वळणावर दोन पिढ्यांचा वाद होतो. “अगं, आम्ही हेच खाऊन मोठे झालो, तुम्हाला काय झालं?” असं सासू म्हणते. “आई, तेव्हा इतकी फवारणी कुठे होती?” असं सून म्हणते. दोघींच्या बोलण्यात तथ्य आहे आणि दोघींना बाळाचीच काळजी आहे. बरेचदा हा वाद नाचणीपाशी मिटतो, कारण नाचणी सासूच्याही ओळखीची असते. २०२३ हे आंतरराष्ट्रीय भरडधान्य वर्ष म्हणून साजरं झालं, तेव्हा नाचणी-वरी-राळ्याकडे शहरी तरुण वळला; त्याला घरातल्या म्हातारीने कोंड्याचं काय करायचं, भाकरी कशी थापायची हे शिकवलं. हे मी अनेक घरांत पाहिलं आहे आणि मला ते फार मोलाचं वाटतं. मूल शाळेच्या डब्यावर आलं की मात्र पुष्कळ घरांतली ही खरेदी ओसरते.

व्यायामशाळेतला मुलगा प्रथिनांसाठी देशी कोंबडीची अंडी घेतो, आणि त्यांच्यासोबत कच्च्या घाणीचं तेलही. आहाराची पद्धत बदलली की त्याची यादीही बदलते. चारचौघांत दिसावं म्हणून घेणारेही आहेत. त्यांच्यावर टीका करण्यात मला रस नाही. शेजारणीने सोसायटीच्या व्हॉट्सॲप गटावर टोमॅटोचा फोटो टाकला म्हणून शनिवारी सकाळी शेतकऱ्याच्या टेम्पोतून आणखी पाच घरांचे क्रेट उतरतात, तर त्या फोटोने काम केलं. २०१६ साली राज्य सरकारने फळं आणि भाजीपाला बाजार समितीच्या नियमनातून मोकळा केला, पुढे २०२०च्या टाळेबंदीत शेतकरी थेट सोसायटीच्या फाटकाशी आला, आणि तेव्हा जुळलेल्या काही ओळखी टिकल्या. सेंद्रिय खरेदी तरुणांत पसरते ती पुष्कळदा अशी, एका जिन्यावरून दुसऱ्या जिन्यावर.

इच्छा असणं आणि खरेदी होणं यांत मोठं अंतर असतं. सामाजिक मानसशास्त्रज्ञ आइसेक आइझेन यांनी १९९१ साली विस्ताराने मांडलेली चौकट इथे उपयोगी पडते. एखादी कृती करायचा माणसाचा निश्चय तीन गोष्टींवर उभा राहतो असं ते म्हणतात: त्या कृतीबद्दलचं त्याचं स्वतःचं मत, आपल्या माणसांना काय वाटेल याचा अंदाज, आणि हे आपल्याच्याने जमेल का याची खात्री. तरुणांचं मत सहसा अनुकूल असतं. घरच्यांचं मत वळवता येतं. गाडी अडते ती तिसऱ्या ठिकाणी. किंमत झेपेल का, घराजवळ मिळेल का, आणि सगळ्यात आधी, हे खरंच सेंद्रिय आहे हे मला कळेल का?

हा शेवटचा प्रश्न मला अतिशय रास्त वाटतो. दुकानदाराने तो विचारणाऱ्यावर चिडू नये. भारतात प्रमाणनाच्या दोन वाटा आहेत. पहिली राष्ट्रीय सेंद्रिय उत्पादन कार्यक्रमाची, जी २००१ पासून वाणिज्य मंत्रालयाखालच्या अपेडा या संस्थेमार्फत चालते. तिथे मान्यताप्राप्त संस्था शेताची तपासणी करते. तिची घडण निर्यातीच्या गरजेतून झाली. दुसरी पीजीएस-इंडिया, कृषी मंत्रालयाची, जिथे गटातले शेतकरीच एकमेकांच्या रानाची पाहणी करून हमी देतात. अन्न सुरक्षा प्राधिकरणाने २०१७ साली सेंद्रिय अन्नाचे नियम केले आणि ‘जैविक भारत’ ही खूण आणली. लहान शेतकऱ्याने किंवा लहान शेतकरी गटाने थेट खाणाऱ्याला विकलेल्या मालाला मात्र त्या नियमांतून सूट आहे, म्हणजे फाटकाशी टेम्पो उभा करणाऱ्याकडे खूण नसली तरी तो लबाड ठरत नाही. आणखी एक गोष्ट ग्राहकाला कुणी नीट सांगत नाही. प्रमाणपत्र हमी देतं ती पिकवण्याच्या पद्धतीची. शेजारच्या बांधावरून वाऱ्याने आलेला फवारा, जमिनीत आधीपासून मुरलेलं रसायन यांमुळे अंश अगदी शून्य असेलच असं नाही. उलट ‘रेसिड्यू फ्री’ म्हणून विकली जाणारी द्राक्षं फवारलेली असू शकतात. काढणीच्या आधी पुरेसे दिवस फवारणी थांबवलेली असते. नाशिकच्या निर्यातदार बागायतदारांनी युरोपच्या मर्यादा पाळत हे तंत्र कष्टाने आत्मसात केलं, आणि ते कमी लेखण्यासारखं नाही. पण ती सेंद्रिय शेती नव्हे. ज्या तरुणाला हा फरक समजावून सांगितला जातो त्याची शंका कमी होते, असा माझा अनुभव आहे. शंका घेतली म्हणून ज्याला गप्प बसवलं जातं, तो परत येत नाही.

आता शेतकऱ्याकडे येतो, कारण हेतूंची ही सगळी चर्चा त्याच्यासाठी आहे. राष्ट्रीय कार्यक्रमाच्या नियमांप्रमाणे रासायनिक रान सेंद्रिय म्हणून मान्य व्हायला हंगामी पिकांसाठी दोन आणि फळबागांसारख्या बहुवार्षिक पिकांसाठी तीन वर्षांचा रूपांतरकाळ लागतो. या काळात खर्च सेंद्रियचा आणि भाव नेहमीचा. युरियाला सरावलेल्या जमिनीत उत्पादन सुरुवातीला बहुधा घटतं, तणनाशक बंद केल्याने खुरपणीची मजुरी वाढते, कीड आली की हात बांधलेले वाटतात. बँकेचं पीककर्ज मात्र दरवर्षी त्याच तारखेला फेडायचं असतं. ज्ञानाची वाण महाराष्ट्रात नाही. श्रीपाद अच्युत दाभोलकरांनी प्रयोग परिवारातून शेतकऱ्यालाच संशोधक केलं. अमरावती जिल्ह्यातल्या बेलोऱ्याच्या सुभाष पाळेकरांचं शेण-गोमूत्राचं जीवामृत आंध्र-कर्नाटकापर्यंत गेलं. यवतमाळचे शेतकरी सुभाष शर्मा यांना २०२५ साली पद्मश्री मिळाली. अकोले तालुक्यातल्या कोंभाळण्याच्या राहीबाई पोपेरे यांनी देशी वाणांचं बियाणं घरात जपलं. गेल्या काही वर्षांत प्रमाणित सेंद्रिय क्षेत्रात मध्य प्रदेशाखालोखाल आपला क्रमांक लागला आहे. कमी पडतो तो रूपांतराच्या त्या दोन-तीन वर्षांत सोबत राहणारा ग्राहक.

भीतीने आलेला ग्राहक या काळात सोबत राहत नाही, कारण त्याला पूर्ण निर्धोक, प्रमाणित माल आत्ता हवा असतो. औषध म्हणून घेणारा राहत नाही. मुलासाठी घेणारी आई काही वर्षं राहते. आणि भीतीला आणखी एक मोठी मर्यादा आहे, जिच्याबद्दल मला मनापासून वाईट वाटतं: ती स्वतःच्या ताटापुढे जात नाही. २०१७ च्या पावसाळ्यात यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करताना विषबाधा होऊन सुमारे वीस शेतकरी-शेतमजूर दगावले, शेकडो दवाखान्यात गेले. त्या वर्षी कपाशी माणसाच्या उंचीएवढी वाढली होती आणि फवारा तोंडावर येत होता. कीटकनाशकाचा सर्वांत मोठा घोट फवारणाऱ्याच्या अंगात जातो. ग्राहकापर्यंत पोहोचतो तो त्याचा अंश. तरीही तरुणांना सेंद्रिय घेण्याची कारणं विचारली तर पाठीवर पंप घेतलेला माणूस त्यांत क्वचित येतो. ज्यांच्या बोलण्यात तो येतो ते बहुधा विदर्भ-मराठवाड्यातून शहरात आलेले असतात, आणि हा माणूस त्यांच्या घरातला असतो.

ओळख झालेला ग्राहक मात्र थांबतो. मुंबईत वांद्र्याला कविता मुखी यांनी २०१० साली शेतकरी बाजार सुरू केला, तेव्हा ग्राहकाला वांग्याबरोबर वांगं पिकवणाराही समोर दिसला. डिसेंबर-जानेवारीत हुरड्याला शेतावर जाणारी मुलं-मुली मौज म्हणून जातात, आणि त्यांतली काही तिथल्या ज्वारीची, गुळाची नेहमीची गिऱ्हाइकं होऊन येतात. शिवार पाहिलेला माणूस कोबीच्या पानाला पडलेलं भोक पाहून तक्रार करत नाही, दुधी जास्त आला तर दोन जास्त घेतो, आणि यंदा गारपिटीने माल नाही म्हटल्यावर पुढच्या हंगामाची वाट पाहतो. जपानमध्ये हे सगळं आधी घडून गेलं आहे. प्रदूषणाच्या आजारांनी हादरलेल्या तिथल्या आयांनी सत्तरच्या दशकात शेतकऱ्यांशी थेट करार केले. त्या पद्धतीला तेइकेई म्हणतात. तिची सुरुवातही भीतीतूनच झाली होती. पण १९७८ साली तिची दहा तत्त्वं लिहिली गेली, तेव्हा त्यांत पिकेल तो सगळा माल ग्राहकांनी घ्यायचा, भाव दोघांनी बसून ठरवायचा आणि एकमेकांना ओळखायचं, असा मजकूर होता. आपल्याकडच्या तरुण ग्राहकांना भीतीपासून इथवर येता येईल असं मला वाटतं, कारण पोत्याची आठवण त्यांच्या घरात अजून आहे.

पण ज्यांच्या हातात खरेदीच नाही, त्यांचं काय? पुण्याच्या पेठांत स्पर्धा परीक्षांची तयारी करणारी हजारो मुलं-मुली महिन्याच्या मेसवर जेवतात. वसतिगृहांतली मुलं तिथल्या मेसमध्ये जेवतात. त्यांतली पुष्कळ शेतकऱ्यांची आहेत, काहींनी फवारणी स्वतः केलेली आहे, आणि सेंद्रिय अन्न त्यांना परवडत नाही. सेंद्रिय खरेदीचा विषय ‘जागरूक, सुशिक्षित, उच्च उत्पन्न गट’ एवढ्या शब्दांत संपवणाऱ्यांना ही मुलं दिसत नाहीत. त्यांच्या ताटाचा निर्णय मेसचालक किंवा निविदा काढणारा कारकून घेतो, आणि निविदा सर्वांत कमी भावाला जाते.

इतरत्र याला वाट सापडली आहे. ब्राझीलने २००९ च्या कायद्याने शाळांच्या जेवणासाठीच्या केंद्राच्या निधीतला किमान तीस टक्के भाग कौटुंबिक शेती करणाऱ्यांकडून खरेदी करण्यासाठी राखून ठेवला, आणि सेंद्रिय मालाला तीस टक्क्यांपर्यंत जास्त भाव द्यायची मुभा दिली. कोपनहेगन शहराने महापालिकेच्या स्वयंपाकघरांत नव्वद टक्के सेंद्रिय अन्नाचं लक्ष्य ठेवलं आणि २०१५ च्या सुमारास ते जवळजवळ गाठलं. त्यासाठी मांस कमी केलं, हंगामी भाजी आणि डाळी वाढवल्या, वाया जाणं घटवलं, स्वयंपाक्यांना नव्याने शिकवलं. आपल्या वसतिगृहांच्या मेसमध्ये सगळं एकदम बदलणं शक्य नाही, पण तूरडाळ आणि ज्वारी या दोन वस्तूंपासून सुरुवात होऊ शकते. दोन्ही टिकतात, दोन्हींना शीतगृह लागत नाही, आणि वसतिगृहाला महिन्याला किती लागतील हे वर्षभर आधी सांगता येतं. रूपांतराच्या दुसऱ्या वर्षात असलेल्या, पीजीएस-ग्रीन ही रूपांतरातल्या रानाची खूण मिळालेल्या शेतकरी गटाला अशी वर्षभराची आगाऊ मागणी मिळाली, तर तो बाजारभावापेक्षा थोड्याच जास्त दराने माल द्यायला तयार होऊ शकतो. जिथे मेस समिती आहे तिथे तिच्यात विद्यार्थी असतात. निविदेच्या अटी बदलायचा ठराव तिथून मांडता येतो. तो कसा लिहायचा, गट कुठे शोधायचा आणि दराचं गणित कसं बसवायचं, हे पुस्तकाच्या शेवटच्या प्रकरणात दिलं आहे.